तोल मुद्दाम बिघडवलेलं चाक

फोर्डच्या छोट्या व्ही-८ इंजिनाचं फ्लायव्हील सोडवून एका गुळगुळीत आडव्या दांड्यावर मोकळं अडकवा आणि हलकेच फिरवा. ते डोलत डोलत थांबतं तेव्हा दर वेळी एकच बाजू तळाशी आलेली असते. इंजिनाकडचं अंग पाहिलं की कारण कळतं. एका कडेला बिडाचा जाडसर कमानदार पट्टा ओतलेला असतो, समोरच्या कडेला तो नसतो. मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घ्यायचं चाक, आणि ते कारखान्यातच एका बाजूला जड करून ठेवलेलं! टायरमध्ये वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडला तरी स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगला धावतो. इथे त्याच्या कित्येक पट फरक मोजून-मापून घातलेला आहे आणि त्याला ठरलेला आकडाही आहे.

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवताना सगळ्यात जास्त घोळ याच आकड्याचा होतो. आणि यंत्रशास्त्रातली एक फार सुंदर गोष्टही त्याच आकड्यामागे दडलेली आहे.

उदाहरण अमेरिकेतलं घेऊ, कारण हा बदल तिथे वर्षानुवर्षं घरोघरच्या गॅरेजांत होत आला आहे. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये २८९ घनइंचाचं, म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन मिळायचं. साठ वर्षांनंतर ते थकलेलं असतं. मालकाला गाडीचं रूप जुनंच हवं असतं, पण हायवेवर इंजिनाची बोंब नको असते. मग तो १९८७ ते ९३ या काळातल्या मस्टँगचं ‘५.०’ इंजिन शोधतो. कॅमशाफ्टवर रोलर, २२५ अश्वशक्ती, मागे पाच गिअरांचा टी-५ गिअरबॉक्स. ही दोन्ही इंजिनं फोर्डने १९६२ मध्ये आणलेल्या एकाच घराण्यातली. ब्लॉकची ठेवण तीच, माउंटिंग तेच, बोनेटखाली जागा तेवढीच. इंजिन जुन्या गाडीत सहज उतरतं.

आता क्रँकशाफ्टच्या शेपटावर कोणतं फ्लायव्हील लावायचं? जुन्या इंजिनाचं चांगलं, नुकतंच घासून घेतलेलं फ्लायव्हील समोर पडलेलं असतं. त्याला सहा भोकं, नव्या क्रँकलाही सहा. ती सहा भोकं सारख्या अंतरावर नाहीत, एक किंचित सरकवलेलं आहे, म्हणून फ्लायव्हील एकाच स्थितीत बसतं. जुनं फ्लायव्हील नव्या क्रँकवर नेमकं त्या स्थितीत बसतंही. बोल्ट हाताने फिरतात. काहीही अडत नाही.

आणि ते चुकीचं असतं. जुन्या क्रँकला २८ चं चाक हवं, नव्याला ५० चं.

२८ आणि ५० हे आकडे आउन्स-इंचात आहेत. केंद्रापासून एक इंचावर २८ आउन्स, म्हणजे सुमारे ७९४ ग्रॅम वजन ठेवलं तर जेवढा तोल जाईल, तेवढा जुन्या फ्लायव्हीलचा तोल मुद्दाम घालवलेला आहे. नव्यात एक इंचावर ५० आउन्स, साधारण १,४१७ ग्रॅम. प्रत्यक्षात पट्टा केंद्रापासून बराच लांब असतो, म्हणून त्याचं वजन त्या मानाने कमी लागतं.

पण हे करायचंच कशाला? त्यासाठी इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं.

पिस्टन सिलिंडरमध्ये सरळ रेषेत मागेपुढे पळतो. प्रत्येक टोकाला तो थांबतो, वळतो, पुन्हा सुटतो. त्याला असं थांबवायला आणि पळवायला जो जोर लागतो त्याचा उलटा धक्का इंजिनाला बसतो. सरळ रेषेतला धक्का फिरणाऱ्या वजनाने मारता येत नाही. फिरणारं वजन त्या रेषेवर धक्का झेलेल, पण पाव फेरी पुढे गेल्यावर तेच वजन आडवं ओढू लागेल. एका सिलिंडरच्या इंजिनाची ही कायमची डोकेदुखी आहे.

आता ९० अंशाचं व्ही-८ पाहा. क्रँकच्या एकाच खुंटीवर दोन पिस्टन जोडलेले असतात, एक डावीकडे कलता, एक उजवीकडे, दोघांमध्ये बरोबर काटकोन. एक पिस्टन आपल्या टोकाला पोचतो आणि त्याचा धक्का पूर्ण भरात असतो, तेव्हा दुसरा मधोमध असतो आणि त्याचा धक्का जवळजवळ शून्य. पाव फेरीनंतर नेमकं उलट. काटकोनातले दोन सरळ धक्के, एक चढताना दुसरा उतरणारा. त्यांची बेरीज केली तर कायम तेवढ्याच ताकदीचा, खुंटीबरोबर गोल फिरणारा एकच धक्का उरतो. दोन सरळ रेषा मिळून वर्तुळ झालं! आणि जे वर्तुळात फिरतं त्याला वर्तुळात फिरणाऱ्या वजनाने पुरतं शांत करता येतं. खुंटीच्या समोरच्या बाजूला योग्य वजन ठेवलं की या पिस्टनांचा मुख्य धक्का संपला. बॅलन्सिंगच्या कारखान्यात क्रँक तोलताना खुंट्यांवर खोटी वजनं बांधतात. त्यात फिरणाऱ्या भागांचं पूर्ण वजन धरतात आणि वरखाली होणाऱ्या भागांचं बरोबर निम्मं. त्या निम्म्याचं गणित या काटकोनातून आलेलं आहे. मला विचाराल तर मोटारीच्या इंजिनात याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही.

क्रँकवर अशा चार खुंट्या आहेत आणि शेपटाकडून पाहिलं तर त्या अधिकच्या चिन्हासारख्या चारी दिशांना आहेत. चौघींची ओढ मिळून शून्य. पण त्या एका रेषेत, शाफ्टच्या लांबीवर मागेपुढे आहेत. पहिली खुंटी वर तेव्हा शेवटची खाली, म्हणून शाफ्टचं पुढचं टोक एकीकडे आणि मागचं टोक विरुद्ध बाजूला ओढलं जातं. शाफ्ट लांबीत डोलायला बघतो. हे थांबवायला दोन्ही टोकांना एकमेकांच्या विरुद्ध दिशेला वजनं लागतात, आणि ती जितकी दूर टोकाला असतील तितकी कमी पुरतात. शाफ्टची सगळ्यात दूरची टोकं कोणती? पुढे डॅम्पर, ज्यावर पुली बसते. मागे फ्लायव्हील. क्रँककेसच्या आत जागाही अपुरी असते. म्हणून तोलाचा काही भाग फोर्डने इंजिनाबाहेर या दोन चाकांत नेऊन ठेवला.

एका हातात भरलेली बादली घेऊन चालणारा माणूस दुसऱ्या अंगाला कलतो. बादली झाकून त्याच्याकडे पाहिलं तर तो वाकडा दिसेल, बादलीसकट पाहिलं तर तो तोलात आहे. फ्लायव्हीलचं तसंच आहे. सुटं फ्लायव्हील असमतोल आहे, सुटा क्रँकही असमतोल आहे, आणि दोघं सहा बोल्टांनी एकत्र आले की समतोल होतो. म्हणून फ्लायव्हील हा इंजिनाला जोडायचा वेगळा सुटा भाग मानू नये. क्रँकचाच एक तुकडा ब्लॉकबाहेर राहिलेला आहे. १९८१-८२ च्या सुमारास फोर्डने क्रँकवरची वजनं छाटून तो हलका केला. आतून जेवढं काढलं तेवढं बाहेर वाढवणं भाग होतं, म्हणून २८ चे ५० झाले. पुढे १९९१ मध्ये आलेल्या ४.६ लिटरच्या अगदी वेगळ्या व्ही-८ मध्ये फोर्डने सगळा तोल आतच साधला. त्याच्या फ्लायव्हीलचा आकडा शून्य.

चूक केली तर काय होतं हे कागदावर काढून पाहण्यासारखं आहे. ५० च्या जागी २८ लावलं तर २२ आउन्स-इंचाची तूट राहते. इंजिन हळू फिरतं तेव्हा ती फारशी जाणवतही नाही. पण ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना ती सुमारे १६० किलोच्या भाराइतकी होते आणि ६,००० ला ६४० किलो. असा भार शाफ्टच्या मागच्या टोकाला सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलत गोल फिरतो. आधी आरसे थरथरतात, मग मागचं ऑइल सील गळू लागतं, मग मेन बेअरिंग झिजतं. वाईट असं की इंजिन चालू राहतं. हजारो मैल चालूही शकतं, आणि मालक गिअरबॉक्सला, माउंटिंगला, प्रॉपेलर शाफ्टला दोष देत राहतो.

म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी क्रँकची जात नक्की करावी. न उघडलेलं १९८७-९३ चं इंजिन असेल तर ५०, यात शंका नको. कुणी नव्याने बांधलेलं असेल, स्ट्रोक वाढवलेला असेल, तर आतला क्रँक कोणत्याही जातीचा असू शकतो. अशा वेळी ज्याने इंजिन बांधलं त्याच्याकडचा बॅलन्सिंगचा कागद पाहावा. हल्ली पोलादी फ्लायव्हीलवर वजनाचा पट्टा स्क्रूने लावलेला असतो. तो काढला की चाक शून्याचं होतं, बदलला की २८ चं किंवा ५० चं. अशी फ्लायव्हीलं विकत घेताना डबीवरचं लेबल वाचून थांबू नये, चाक उलटं करून कोणता पट्टा लावला आहे ते डोळ्यांनी पाहावं.

तोलाचं मिटलं की प्रश्न उरतो वजनाचा. जड घ्यावं की हलकं? शर्यतीच्या नादात पुष्कळ जण ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील घेतात, आणि मला वाटतं रस्त्यावरच्या जुन्या गाडीसाठी ते बहुधा चुकतं. १० किलोची, ३३ सेंटीमीटर व्यासाची भरीव तबकडी धरू. ती ३,००० फेऱ्यांना फिरत असेल तर तिच्यात साडेसहा हजार ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा साठलेली असते. ७० किलोच्या माणसाला तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलायला ती पुरेल. सिग्नलवरून गाडी हलवताना क्लच सोडतो त्या क्षणी ही शिल्लक कामी येते. हलक्या फ्लायव्हीलची शिल्लक कमी, म्हणून इंजिन पटकन मान टाकतं आणि चालकाला ॲक्सिलरेटर जास्त द्यावा लागतो.

हलक्याच्या बाजूनेही मोठा मुद्दा आहे, तो गिअरमध्ये लपलेला. इंजिन वेग घेतं तेव्हा फ्लायव्हीललाही वेग द्यावा लागतो, आणि त्याचा भार गाडीला किती जाणवतो हे गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतं. टी-५ चा पहिला गिअर ३.३५ आणि मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.०८ धरलं, तर तीच १० किलोची तबकडी पहिल्या गिअरमध्ये गाडीवर १५० किलो जादा लादल्यासारखी वागते. पाचव्या गिअरमध्ये, ०.६८ ला, ती जेमतेम ६ किलोची होते. चाक तेच, गाडी तीच, आणि नुसता गिअर बदलून त्याचं वजन पंचवीसपट कमी-जास्त! शर्यतीत पहिल्या गिअरचे ते १५० किलो टोचतात. बाजारात, चढावर, गर्दीत मात्र तेच गाडी बंद पडू देत नाहीत.

आणि उष्णता. क्लच घसरत घसरत पकड घेतो तेव्हा काय होतं याचा एक नियम आहे, आणि तो पहिल्यांदा कळला की विश्वास बसत नाही. इंजिनाचा वेग स्थिर ठेवून गाडी उभ्या स्थितीतून हलवली, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडीला जितकी गतीची ऊर्जा मिळते, तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. निम्मी गाडीला, निम्मी उष्णतेला. क्लच कितीही महागाचा असो, पाय कितीही तयार असो, वेगाचा फरक घर्षणाने मिटवायचा म्हटलं की हा हिशेब चुकत नाही. १,३०० किलोची गाडी ताशी २० किलोमीटरवर आणताना सुमारे २० हजार ज्यूल अशी क्लचच्या पृष्ठभागांवर पडतात. क्लच प्लेटचं अस्तर उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून ती फ्लायव्हील आणि अस्तराला त्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट या दोन धातूंनाच प्यावी लागते. १० किलो बिडाचं तापमान तेवढ्याने चारेक अंशच वाढतं. पण घाटात, रांगेत, दर दहा फुटांवर हेच करत राहिलं की अंश साठत जातात. जाड फ्लायव्हील इथे उष्णतेची टाकी असते. ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलला घासणाऱ्या बाजूवर पोलादी कडं बसवावंच लागतं, कारण उघडं ॲल्युमिनियम क्लचच्या घासण्याला टिकत नाही.

जुनं बिडाचं फ्लायव्हील पुन्हा वापरायचं असेल तर त्यावर केसासारख्या भेगा आणि निळे डाग आहेत का ते नीट पाहावं. ६,००० फेऱ्यांना त्याची कड ताशी ३८० किलोमीटरने धावते. कडेवरचा एकेक ग्रॅम पावणेसात किलोच्या ओढीने बाहेर जायला बघत असतो. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे पत्रा चिरून चालकाच्या पायांपर्यंत गेल्याचे प्रकार शर्यतींत घडले, आणि म्हणूनच तिथे एसएफआय १.१ ही प्रमाणित खूण असलेली फ्लायव्हीलं मागतात. जोरात पळवायची गाडी असेल तर इथे पैसे वाचवू नयेत.

आता क्लच. ५.० इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ३०० पाउंड-फूट, म्हणजे ४०७ न्यूटन-मीटरच्या आसपास. क्लचला तो घसरल्याशिवाय पुढे न्यायचा आहे. हिशेब चार गोष्टींचा: दाब, घर्षण, घासणाऱ्या कड्याची सरासरी त्रिज्या आणि पृष्ठभागांची संख्या. पृष्ठभाग दोन, एक फ्लायव्हीलकडचा, एक प्रेशर प्लेटकडचा. साडेदहा इंची प्लेटची सरासरी त्रिज्या अंदाजे ११ सेंटीमीटर, घर्षणाचा अंक ०.३, आणि प्रेशर प्लेटचा दाब ८,००० न्यूटन, म्हणजे आठशे किलोंहून थोडा जास्त. गुणाकार सव्वापाचशे न्यूटन-मीटरच्या घरात येतो. गरजेच्या सव्वापटीहून थोडा जास्त, आणि रस्त्यावरच्या गाडीला तेवढं पुरतं. ‘जास्त तेवढं बरं’ म्हणून दुप्पट दाबाची प्लेट घेणारा माणूस पुढची दहा वर्षं डाव्या गुडघ्याने त्याची किंमत मोजतो.

आठशे किलोंचा दाब पायाने सोडवायचा म्हणजे तरफांची साखळी आलीच. साठच्या दशकात फोर्ड जी प्रेशर प्लेट वापरत असे तिच्यात गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि तीन बोटं असत. स्प्रिंग जितकी दाबाल तितकी ती जास्त विरोध करते, म्हणून पेडल तळाकडे जाताना जड होत जाई. प्लेट झिजली की स्प्रिंग सैल पडे आणि पकड कमी होई. ५.० च्या साडेदहा इंची क्लचमध्ये मात्र डायफ्रॅम आहे, पोलादी पत्र्याची एकच उथळ बशीसारखी चकती, आतल्या बाजूने बोटांसारखी चिरलेली. बशीच्या आकाराच्या स्प्रिंगचं पेटंट ज्युलियन बेलव्हिल या फ्रेंच माणसाने १८६७ मध्ये घेतलं होतं. या चकतीचा स्वभाव चमत्कारिक आहे. दाबायला सुरुवात केली की विरोध वाढतो, एका ठिकाणी कळसाला पोचतो, आणि चकती सपाट व्हायला लागली की विरोध चक्क कमी होतो. जास्त दाबलं आणि कमी ताकद लागली! यातून दोन फायदे एकदम होतात. सिग्नलवर पेडल दाबून धरताना पाय थकत नाही. आणि प्लेट झिजली की चकती कळसाच्या दिशेने मागे सरकते, त्यामुळे झीज होऊनही पकड टिकून राहते, काही काळ वाढतेसुद्धा.

याच गुणामुळे जुन्या मस्टँगमध्ये एक विचित्र बिघाड होतो. १९६५-६६ च्या गाडीत डॅशबोर्डखाली क्लच पेडलला एक दणकट स्प्रिंग लावलेली असते. जुना क्लच तळाकडे जड होई, म्हणून ही स्प्रिंग पेडल खाली ढकलून पायाला मदत करी. आता त्याच गाडीत डायफ्रॅम बसवला. तळाशी गेल्यावर क्लचचा पेडल वर ढकलण्याचा जोर कमी होतो, मदतनीस स्प्रिंग मात्र पूर्वीच्याच जोमाने खाली ओढते. पेडल जमिनीला चिकटून बसतं. लोक क्लच पुन्हा उतरवतात, रिलीज बेअरिंग बदलतात, सळ्या जुळवतात. उपाय एकच आणि फुकट आहे: ती स्प्रिंग काढून टाकायची.

पेडलपासून क्लचपर्यंतचा दुवाही ठरवावा लागतो. जुन्या गाडीत इंजिन आणि चॅसिस यांच्यामध्ये झेड आकाराचा फिरता दांडा आणि सळ्या आहेत, ऐंशीच्या दशकातल्या गाडीत केबल. दोन्ही चालतात. मात्र जे निवडाल त्याला साजेशी बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचं घंटेच्या आकाराचं कवच, आणि त्यातला फोर्क हवा, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करू नये.

क्लच प्लेटची एक सोयरीक फ्लायव्हीलशी, दुसरी गिअरबॉक्सशी. फ्लायव्हीलकडून तिला व्यास मिळतो, गिअरबॉक्सकडून मधलं भोक आणि खाचा. नशीब असं की मस्टँगच्या टी-५ चा शाफ्ट १ १/१६ इंचाचा, दहा खाचांचा आहे, आणि साठच्या दशकातल्या छोट्या व्ही-८ मागच्या चार गिअरांच्या टॉपलोडर गिअरबॉक्सचाही तोच. जनरल मोटर्सच्या व्ही-८ गाड्यांतून टी-५ उचलला तर मात्र २६ खाचा निघतात आणि फोर्डची प्लेट त्यावर जात नाही. नाव तेच, गिअरबॉक्स वेगळा.

दात्यांचं थोडक्यात सांगतो. या इंजिनांच्या फ्लायव्हीलना रिंग गिअरवर १५७ किंवा १६४ दाते असतात. १६४ वालं चाक मोठं, त्याला मोठी बेल हाउसिंग आणि त्या अंतरावरचा स्टार्टर लागतो. १९८७-९३ च्या मस्टँगला १५७. शिवाय ऑगस्ट १९६४ पर्यंतच्या ब्लॉकवर बेल हाउसिंगचे पाच बोल्ट होते, नंतर सहा. इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यामध्ये पत्र्याची एक पातळ प्लेट असते, ती भंगारात टाकू नका. तिच्या जाडीवर स्टार्टरचं अंतर ठरलेलं असतं. ऑटोमॅटिक गाडीचा स्टार्टर मॅन्युअलला लावू नये, त्याची खोली वेगळी असते. आणि जुनी क्लच प्लेट उतरवताना तिची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. त्या काळच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं.

सगळं जमल्यावर एक मोजणी उरते, आणि घाईत ती राहूनच जाते. फ्लायव्हील क्रँकच्या मध्यावर फिरतं, गिअरबॉक्स बेल हाउसिंगच्या मोठ्या गोल भोकात बसतो. ही दोन केंद्रं एकावर एक यायला हवीत. वेगळ्या ब्लॉकवर वेगळी बेल हाउसिंग लावली की ती येतीलच याची खात्री नसते. फ्लायव्हीलवर चुंबकाने डायल गेज उभा करायचा, त्याची टोकदार काडी बेल हाउसिंगच्या भोकाच्या कडेला टेकवायची आणि क्रँक हाताने सावकाश फिरवायचा. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जितका हलतो त्याच्या निम्मी चूक. ती इंचाच्या पाच हजारांश भागापर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण आठव्या हिश्शापर्यंत चालते. जास्त असेल तर ब्लॉकमधल्या दोन डॉवेल खुंट्या काढून मुद्दाम वाकड्या केंद्राच्या खुंट्या घालतात आणि त्या फिरवत फिरवत बेल हाउसिंग केंद्रावर आणतात. मग फ्लायव्हीलचे सहा बोल्ट ७५ ते ८५ पाउंड-फुटांनी आवळायचे. त्या आवळण्याने एकेक बोल्ट अंदाजे पाच टनांच्या ताणाने फ्लायव्हील क्रँकवर दाबून धरतो. सहा मिळून तीस टन. इंजिनाची सगळी ताकद पुढे जाते ती मुख्यतः या दाबातल्या घर्षणातून, बोल्टांच्या अंगावर तिचा फार थोडा भाग येतो. बसणारे पृष्ठभाग म्हणून पुसून कोरडे आणि स्वच्छ हवेत.

इंजिन सुरू केल्यावर गाडी जागच्या जागी, न्यूट्रलमध्ये ठेवून फेरे वाढवून पाहावे. थरथर आली तर क्लच दाबावा. दाबल्यावर क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट मंदावत थांबतात, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट फिरत राहतात. थरथर गेली तर दोष प्लेटमध्ये किंवा शाफ्टच्या बाजूला. तशीच राहिली आणि मागचं चाक ५० चंच असल्याची खात्री असेल, तर उठून गाडीच्या पुढच्या बाजूला जावं. १९६९ पर्यंतच्या डॅम्परला पुलीसाठी तीन बोल्ट असत, नंतर चार. जुन्या पुल्या, जुना पट्टा, जुना पंखा तसाच ठेवायचा म्हणून कुणीतरी नव्या क्रँकवर जुनं तीन बोल्टांचं डॅम्पर चढवलेलं असतं. ते २८ चं असतं. तिथे ५० चं डॅम्पर आणि त्याला जुळणाऱ्या पुल्या हव्यात, किंवा ज्याचं वजन बदलता येतं असं डॅम्पर घेऊन त्यावर ५० चा तुकडा लावावा.